डाव्या हातातला धक्का

पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मी गेम कंट्रोलरची दुरुस्ती करतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आईबरोबर एक्सबॉक्स ३६० चा, संगणकाला जोडायचा कंट्रोलर घेऊन आला. दुसरीकडून दुरुस्त करून आणल्यापासून त्याची थरथर बिघडली आहे, असे त्याचे म्हणणे होते. मी चाचणी घेतली, थरथर निर्माण करणाऱ्या आतल्या दोन्ही मोटरी फिरल्या आणि "चालू आहे की," असे म्हणून मी तो परत केला.

मुलगा माझ्या ओठांकडे पाहत होता. त्याला जन्मापासून फार कमी ऐकू येते आणि खेळातली गाडी रस्ता सोडून गेली किंवा धडकली की ते तो तळहातानेच ओळखतो, असे आईने सांगितले. "काका, थरथर येते, पण धक्का येत नाही," तो म्हणाला.

मी दोन्ही मोटरी एकदमच फिरवल्या होत्या; ती माझी चूक होती. संगणकावरून या कंट्रोलरच्या प्रत्येक मोटरला वेगासाठी ० ते ६५,५३५ पर्यंतचा आकडा स्वतंत्रपणे देता येतो. फक्त डावी फिरवली, मग फक्त उजवी, तेव्हा दोन्हीकडून सारखीच बारीक गुणगुण आली. लेबलखालचा स्क्रू काढायला गेलो तर लेबलला आधीच भोक पडलेले होते. आत दोन्ही मोटरींच्या दांड्यांवर सारखीच छोटी वजने होती.

खरे तर डावीकडचे वजन मोठे असावे लागते. १९९७ मध्ये आलेल्या सोनीच्या ड्युअलशॉक कंट्रोलरमध्येही अशीच विषम जोडी होती. दांडीवर एका बाजूला कललेले हे वजन फिरले की हात हलतो, आणि वेग निम्मा केला की जोर एक चतुर्थांशच उरतो. त्यामुळे छोटे वजन सावकाश फिरवले तर काहीच जाणवत नाही आणि जोरात फिरवले तर नुसती झणझण होते. संथ, खोल धक्का देणे मोठ्या वजनालाच जमते. खेळाच्या सेटिंगमध्ये थरथर वाढवून मुलाचा प्रश्न का सुटला नाही, ते आता मला समजले.

निकामी झालेल्या एका कंट्रोलरची डावी मोटर काढून मी तिथे झाळली. मुलाने गाडी मुद्दाम कठड्यावर घातली आणि लगेच आईचा हात ओढून कंट्रोलरच्या डाव्या मुठीवर ठेवला.

पावतीवर मी ‘डावी मोटर बदलली’ असे लिहिले. त्याने पेन मागून घेतले आणि त्यापुढे ‘मोठ्या वजनाची’ असे जोडले.