एकही धड पुरुष नाही?

"सगळं छान, पण यात एकही धड पुरुष नाही हो."

दिवे लागले आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी निकाल दिला. स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोव्हारचा 'व्होल्वेर' हा सिनेमा नुकताच संपला होता. सूर भांडणाचा नव्हता. भाजीत मीठ जरा कमी पडलंय, असं सांगावं तसा.

माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं, सिनेमातला एक प्रसंग. स्वयंपाकघरात नवऱ्याचा मुडदा पडलाय. नायिका रायमुंडा रक्त पुसतेय, तेवढ्यात शेजारी दारात. तिच्या मानेला रक्त लागलेलं बघून विचारतो, लागलं का काही? ती म्हणते, बायकांचं काहीतरी. संपला विषय! हॉलमधल्या बायका खो-खो हसल्या. पुरुष जरा उशिराने, काही हसलेच नाहीत.

२००६च्या कान चित्रपट महोत्सवात पाच पुरुषांना मिळून अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता, 'अँदिजेन' या युद्धपटासाठी. त्यात धड बायका किती, हे मोजायचं आपल्याला सुचतं तरी का? (मलाही आज पहिल्यांदाच सुचलं.)

त्याच वर्षी अभिनेत्रीचा पुरस्कार रायमुंडा साकारणाऱ्या एकट्या पेनेलोपे क्रूझला न देता 'व्होल्वेर'मधल्या सहा जणींना मिळून दिला गेला. मला तो निर्णय भारी आवडतो. नाहीतर बहुतेक ठिकाणी कौतुक क्रूझवरच येऊन थांबतं. इथे एकीचं रडू दुसरीच्या वाक्यावर हसू होतं, तिसरी ते पुढे नेते. त्यातलं कुणाचं किती, हे वेगळं काढणार तरी कसं?