बागेतल्या मुलीला शाळेत घालताना

देवगडच्या कातळावरच्या हापूस बागांतलं बरंचसं काम आता नेपाळी माणसं करतात. कैलाली, अछाम, डोटी अशा पश्चिम नेपाळातल्या जिल्ह्यांतून ती येतात. धनगढीहून गौरीफंट्याची सीमा ओलांडायची, दिल्ली गाठायची आणि तिथून कोकणात उतरणारी गाडी धरायची. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला ती येतात, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, संसार मांडतात. मग गवत काढणं, मोहोरावरच्या फवारण्या, रात्रीची राखण, मार्चपासून तोडणी, पेट्या भरणं. आणि पावसाच्या तोंडावर परत. आम्ही सगळ्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतो. अनेक बागांत नावही कुणी विचारत नाही.

पैसे ठरतात ते जोडीचे, आणि ठरवतो पुरुष. बाईचा वेगळा हिशेब नसतो. बरोबर मूल असेल तर त्याचा विषयच निघत नाही. मीही त्यात लक्ष घातलं ते एका सकाळमुळे. आमच्या बागेत तुडतुडे या किडीवर फवारणी चालू होती. नवरा झाडावर, बायको खालून नळी ओढतेय, आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी पिंपातलं औषध काठीने ढवळतेय. तोंडाला ओढणीचं टोक गुंडाळलेलं, तेवढंच. काठी धरलेल्या हातावर कोपरापर्यंत पांढरे ओघळ सुकले होते. मी पंप बंद करायला लावला आणि तिला साबणाने हात धुवायला विहिरीवर नेलं. तिची आई म्हणाली, “दिदी, सासू होती तोवर हिला गावी ठेवत होतो. आता कुणाकडे ठेवू?”

तिकडे ती तिसरीत होती. नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. ही मंडळी कार्तिकात निघतात, म्हणजे तिथली वार्षिक परीक्षा बुडते. परत जातात तेव्हा तिथलं नवं वर्ष सुरू झालेलं असतं. इकडे मात्र आमचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होऊन एप्रिलच्या परीक्षेपर्यंत चालतं, आणि तेवढा सगळा काळ ही मुलं आमच्याच बागांत असतात. म्हणजे अर्धं वर्ष अगदी नीट हाताशी आहे. ते वानर हाकण्यात जातं.

शाळेत गेले. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या अडचणी तयार होत्या. जन्मदाखला कुठे, मागच्या शाळेचा दाखला कुठे, आधार कुठे? आधार नसेल तर ऑनलाइन नोंदीत अडतं आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं त्या पटात, मूल धरलं जात नाही. शिवाय मे महिन्यात ती निघून गेली की शाळाबाह्य मूल त्यांच्या माथी. शेवटी म्हणाले, “मॅडम, नाव राहू दे. तशीच येऊन बसू दे वर्गात.”

हे मी मान्य केलं नाही, आणि दुसऱ्या कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. हजेरीवर नाव नाही म्हणजे परीक्षा नाही, निकाल नाही, उद्या कुठल्याही शाळेत दाखवायला कागद नाही. कागदावर नसलेल्या माणसाचं काय होतं ते बागेत दिसतंच. शेतकरी अपघाताने गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी आहे. उंच फांदीवर झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन उभा असलेला मजूर तिच्यात बसत नाही.

मग मी शिक्षण हक्क कायदा काढून वाचला. २००९ चा हा कायदा ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, एवढंच म्हणतो. नागरिकत्वाची अट त्यात घातलेली नाही. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं शिकवून भरून काढायचं. ही तीन कलमं छापून घेतली. वडिलांच्या सहीने मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहिला, वयाबद्दल त्यांचंच घोषणापत्र जोडलं, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत दिली. दोन्हीकडे पोच घेतली. माझ्या अनुभवाने सांगते, पोच हातात आली की बोलण्याचा सूर बदलतो. तोंडी विनंतीला “बघू” म्हणता येतं, शिक्का मारलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एक शिक्षिका बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम करतात, त्या स्वतः शाळेत आल्या. त्यांनी आधाराविना नोंद कशी करायची ते मुख्याध्यापकांना बसून दाखवलं. चौथीत नाव लागलं.

गावात एकाने विचारलंच, “गुरख्याच्या चेडवाक (मुलीला) शाळा कित्याक व्हयी? मे म्हयन्यात जातली ती.” मी म्हटलं, मे महिन्यापर्यंत तरी जाईल.

पण अवघड काम दाखल्यानंतरचं होतं. शाळा बागेपासून लांब, वाट कातळावरून, सकाळी बरोबर जाणारं कुणी नाही. रात्रभर राखण केलेला बाप झोपेतून उठून तिला सोडायला जायचा. फवारणीला एक हात कमी पडायला लागला तेव्हा आम्ही रोजावर माणूस घेतला. तो खर्च बागेचाच आहे, आधी तो त्या मुलीच्या अंगावर पडत होता.

अक्षरं तिला नवी नव्हती, नेपाळीही देवनागरीतच लिहितात. पहिल्या दिवशी मराठीचं पुस्तक तिने घडाघडा वाचलं, अर्थ न कळता. फक्त ‘ळ’ आला की थांबायची आणि बाईंकडे बघायची. वर्गातल्या मुलींनी तो तिच्याकडून दिवसभर म्हणवून घेतला. संध्याकाळी मांगरासमोर ती आईला ‘शाळा’, ‘फळा’, ‘केळं’ म्हणून दाखवत होती आणि आई नारळाच्या झावळ्या पेटवता पेटवता तिच्यामागून म्हणत होती.

आधार मात्र झालं नाही. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. नोव्हेंबरात आलेल्या माणसाचे ते दिवस मे महिन्यात भरतात. तोडणी तेव्हा अशी अंगावर आलेली असते की तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहायला कुणाला वेळ नसतो, आणि ती आटोपते तोवर त्यांची तिकिटं काढलेली असतात. यंदा पेटीचं काम एक दिवस थांबवून सगळ्यांना गाडीने न्यायचं आम्ही ठरवलं आहे.

परीक्षा देऊन ती गेली. जाताना प्रगतिपुस्तक आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांना देतात ते शिक्षण हमी पत्रक बरोबर दिलं. मराठीतले हे कागद त्यांच्या गावच्या शाळेने बघून तिला पुढच्या वर्गात बसवून घेतलं, असं तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं. यंदा माणसं ठरवतानाच मी प्रत्येकाला मुलांची नावं, वयं विचारली आणि येताना जन्मदर्ता, म्हणजे तिकडचा जन्मदाखला, आणि शाळेचा कागद घेऊन या म्हणून सांगितलं. पंपाजवळ मूल दिसलं तर काम बंद, हेही तेव्हाच बोलून घेतलं. ती पुन्हा आली आहे, पाचवीत बसते. शेजारच्या बागेत दोन लहान भाऊ आलेत, त्यांचा मालक अर्जावर पत्ता द्यायला तयार झाला आहे. सोमवारी त्यांना घेऊन शाळेत जायचं आहे.