आईचा गाऊन लांब झाला

गाऊन लांब शिवला म्हणून आई शिंपिणीवर चिडली होती. माप जुनंच होतं, उंची आईची कमी झाली होती. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाठ दुखते म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "अगं, वात आहे, जाईल." मग गरम पाण्याची पिशवी. दिवाळीच्या साफसफाईत अर्धी बादली उचलली आणि कळ आली, ती खालीच बसली. एक्स-रेमध्ये छातीचा बारावा मणका पुढून चेपलेला, अगदी दाराखालच्या पाचरीसारखा. शिवाय वर आणखी एक, जुना. तो कधी मोडला याचा तिलाच पत्ता नाही! निम्म्याहून जास्त मणके असे गुपचूपच मोडतात म्हणे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा उणे 3.1 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

औषध सुरू झालं, दुखणं उतरलं. पण वाकून केर काढणं सुटलं, पाटावर बसून पूजा सुटली. खुर्चीवर बसून देवाला फुलं वाहायची म्हणजे तिला अपमान वाटतो. पोक आल्यामुळे पोटही दोन घासांत भरतं.

फिजिओथेरपिस्ट ताई हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावतात. आधी 28 सेकंद लागायचे, काल 19 लागले. डबे मी खालच्या फळीवर आणलेत. हिंगाची डबी तेवढी परत वर गेलेली दिसते. विचारलं तर म्हणते, "मी नाही ठेवली."