सहा सैगलांचा आठवडा

आमच्या घरच्या आठवड्यात सहा सैगल असत. सातवा चुकायचा, कारण शनिवारी सकाळची शाळा.

रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या स्टेशनवर, सकाळी साडेसातला जुन्या सिनेमांची गाणी लागत, आणि आठाला दोन-तीन मिनिटं उरली की शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं. रोज. कोलंबोवाल्यांनी हा नेम वर्षानुवर्षं पाळला. आमच्या भिंतीवरचं घड्याळ चावी द्यायची राहिली की मुकाट पडायचं, सैगलना मात्र चावी लागत नसे. त्यांचा सूर आला की आई चुलीवरचं पाणी उतरवायची, बाबा बैल सोडायचे आणि आजी माजघरातून विचारायची, "झाला का तुमचा रडका?" माणूस १९४७ सालीच गेलेला, पण आमचे बैल त्याच्या वेळेवर वावरात जात होते.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या बाजूला. काळी जमीन, पऱ्हाटी, मधूनमधून तुरीचं तास. गोष्ट १९८५च्या आसपासची. रेडिओ मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचा. फिलिप्सचा ट्रान्झिस्टर, चामड्याच्या कव्हरात. सेल उतरले की आम्ही पोट्टे ते टिनावर उन्हात ठेवायचो, मग ते आणखी दोन दिवस कण्हत चालायचे. एरियल म्हणजे छपरीच्या बल्लीपासून कडुनिंबापर्यंत ताणलेली तांब्याची तार, रात्री जर्मनीचं स्टेशन धरायला. तारेवर मोठ्याईचा डोळा. ओलं काही दिसलं की तिचा हात आपोआप तिकडं जायचा, आणि संध्याकाळी मोठेबाबांची आरोळी ऐकू यायची, "अवं, जर्मनीवर लुगडं कोणं वाळत घातलं?"

गावाचा आठवडा बाजारापासून सुरू होतो. आमचा बाजार बुधवारी, आणि रेडिओचाही मोठा दिवस बुधवारच. रात्री आठला बिनाका गीतमाला. १९५२ पासून अमीन सयानी ती सिलोनवरून चालवत होते. खालच्या पायदानापासून गाणी वर चढत जात आणि शेवटी सरताज गीत, बिगुलासकट. अडचण एवढीच की बाजारची बंडी कधी वेळेवर परतत नसे, आणि मोठेबाबा घरी आल्याशिवाय त्यांच्या रेडिओला कोणी हात लावत नसे. त्यामुळं खालच्या पायदानांवरची गाणी आम्हाला ठाऊकच नाहीत. एखादं गाणं जन्मभर नवव्या-दहाव्या जागी बसून राहिलं असेल, तर माझ्यापुरतं ते झालंच नाही. बाबांना गाण्यांपेक्षा सयानींची हाक आवडायची, 'बहनों और भाइयों'. म्हणायचे, "हा मानूस बायाइले पह्यले हाक मारते. आपल्या सरपंचाले शिकवा कोनी."

हिंदी गाणी ऐकायला कोलंबोपर्यंत जावं का लागलं, याचा इतिहास मोठेबाबा कापूस वेचतानाही सांगत. १९५२ साली केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली. सिलोनकडं महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशिया कमांडनं उभारलेलं जोरदार प्रक्षेपण यंत्र होतं. फौजेसाठी आणलेलं यंत्र मग आमच्या अंगणात गाणी टाकत बसलं. १९५७ला विविध भारती आली, पण तोवर काट्याला सिलोनच्या पंचवीस मीटरच्या पट्ट्यावर थांबायची सवय झाली होती. मोठेबाबांच्या बोलण्यावरून वाटायचं की केसकर त्यांना विचारायला वणीपर्यंत आले होते आणि त्यांनी 'नाही' म्हटलं होतं.

रात्र मात्र जर्मनीची. कोलोनहून डॉइचे वेले हिंदीतून बोलायचं. आधी त्याची सुरावट, बीथोव्हेनच्या 'फिडेलिओ' या ऑपेरातली, घुंगरांनी वाजवल्यासारखी, पुन्हा पुन्हा. पुष्कळ पुढे कळलं की डॉइचे वेलेचं एक प्रक्षेपण केंद्र श्रीलंकेत, त्रिंकोमालीलाच होतं. म्हणजे ज्या आवाजासाठी आम्ही जर्मनीच्या दिशेनं तार ताणत होतो, तो कधीकधी सिलोनच्या शेजारच्या गल्लीतून येत असणार. मोठेबाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

ही दूरची स्टेशनं शॉर्टवेव्हवर येत, आणि शॉर्टवेव्ह ऐकणं म्हणजे सगळं ऐकणं नव्हे. या लाटा वर आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात. एकच आवाज दोन-तीन वाटांनी येतो, वाटा जुळल्या की तो अंगावर येतो आणि बिनसल्या की पार बुडतो. झोक्यावर बसलेल्या माणसानं बातम्या वाचाव्या तसं चालतं. "फ्रांस के राष्ट्रपति ने कल..." मग खरखर, आणि एकदम, "...साफ इनकार कर दिया." कशाला नकार दिला? सकाळी मारुतीच्या पारावर यावर चर्चा व्हायची. शेवटी मोठेबाबा निकाल द्यायचे, "तेलाचंच असंन." जगाच्या राजकारणाचं माझं ज्ञान आजही असंच आहे. कर्ता आणि क्रियापद पक्कं, मधलं मोठेबाबांनी भरलेलं.

त्यात ऋतू बदलला की स्टेशनं आपल्या जागा बदलत. हिवाळ्याआधीचा बदल नेमका वेचणीच्या तोंडावर. घरची बाकी माणसं मजूर शोधत फिरायची आणि मोठेबाबा जर्मनी. कार्यक्रमपत्रिका टपालानं यायची, वेळा ग्रीनिचच्या. त्यात साडेपाच तास मिळवून मी कोठ्याच्या दारावर खडूनं नवं वेळापत्रक लिहायचो. हातच्याची बेरीज मला तिथं आली, शाळेत नाही.

स्टेशनला कळवायचं कसं ऐकू आलं, तर त्याला पाच आकडे असतात, सिन्पो म्हणतात. सिग्नलचा जोर, शेजारच्या स्टेशनचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. खरखरीला पाच म्हणजे खरखर अजिबात नाही. मोठेबाबा सगळीकडं चार द्यायचे आणि खरखरीला हटकून पाच. पावसाळ्यात विजा कडाडत असल्या तरी पाच. मी एकदा म्हटलं, "मोठेबाबा, काही आइकू नाही येऊन राह्यलं, अन् तुम्ही पाच लिहून राह्यले?" तर म्हणाले, "लोकाच्या घरी जेवाले गेलं अन् त्यानं इचारलं भाजी कशी झाली, तं खारट झाली म्हनशीन का?" तिकडचे इंजिनियर बिचारे आमच्या आकड्यांवरून तारेची दिशा ठरवत असतील, तर त्यांची जी दिशाभूल झाली तिचं मूळ वऱ्हाडी पाहुणचारात आहे.

अशा एका पत्राचा जर्मनीच्या रेडिओवर उल्लेख झाला. पत्रांचा कार्यक्रम कुठल्या वारी असे यावर घरात आजही एकमत नाही. मोठेबाबा रविवार म्हणतात, आई शनिवार म्हणते, कारण त्या दिवशी तिचा उपवास होता. तर श्रोत्यांची नावं चालली होती. बिहारातली गावं, राजस्थानातली गावं, सगळी स्वच्छ. मग "महाराष्ट्र से..." आणि आवाज बुडाला. मोठेबाबांनी रेडिओ कानाला लावला, मी तार धरून उभा. वर आला तो "...जिला यवतमाल" म्हणत, आणि पुढचं नाव थेट मध्य प्रदेशातलं. बस. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोलोनला पत्र लिहिणारा दुसरा कोण असणार, असा युक्तिवाद करून दुसऱ्या दिवशी पारावर पेढे वाटले गेले. वणीत आणखी एक जण पत्रं लिहितो हे चार महिन्यांनी कळलं. तोही त्याच आठवड्यात पेढे वाटून मोकळा झाला होता.

डॉइचे वेलेची हिंदी सेवा २०११ला रेडिओवरून गेली. बीबीसी हिंदीही ३१ जानेवारी २०२०ला शॉर्टवेव्हवरून उतरली. गेल्या दिवाळीत मी मोठेबाबांसाठी एक छोटा डिजिटल रिसीव्हर नेला, काट्याऐवजी आकडे असलेला. लावला तर नुसती घरघर, पिठाच्या चक्कीसारखी. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजारच्यांचा इन्व्हर्टर, सगळे एकदम बोलत होते. मोठेबाबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हे तं आपलंच गाव लागलं."

तेवढ्यात लाइन गेली. घरघर अशी थांबली जसा कोणी दरवाजा लोटला. आतून एक बाई बोलू लागली. भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. सावकाश, थांबत थांबत काहीतरी वाचत होती, कदाचित नावंच. मोठ्याई चार्जिंगचा दिवा घेऊन आली, तर मोठेबाबांनी हातानंच तिला अडवलं.

"लावू नको थो," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "लिही. खरखर पाच. खराखुरा."