पत्र तिचं नाही

अँथनी हॉरोविट्झ यांची 'ट्रिगर मॉर्टिस' मी हातात पेन्सिल घेऊन वाचली. जेम्स बाँडची कादंबरी पेन्सिल घेऊन वाचणं म्हणजे भेळ काट्या-चमच्यानं खाणं, हे मलाही कळतं. पण त्याला कारण होतं. २०१५ साली आलेल्या या पुस्तकात बाँडचे मूळ जन्मदाते इयन फ्लेमिंग यांचे काही शे शब्द मिसळलेले आहेत. फ्लेमिंगनी एका अमेरिकी टीव्ही मालिकेसाठी काही कथानकं लिहिली होती. मालिका झालीच नाही, कागद पडून राहिले. त्यांतलं एक, मोटारींच्या शर्यतीचं, हॉरोविट्झना वापरायला मिळालं. म्हटलं, बघू या, जुनं कुठे संपतं नि नवं कुठे सुरू होतं ते आपल्याला कळतं का. सतरा ठिकाणी खुणा केल्या.

ही खोड मला आजीमुळे लागली.

आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा मी सहावीत होतो. आत्या इंदूरला. दर पंधरा दिवसांनी तिला एक पोस्टकार्ड जायचं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला आजी शब्द न् शब्द सांगायची. 'अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पावले.' मग तिला कंटाळा यायला लागला. तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "पावसाचं लिही, गुडघ्याचं लिही, बाकी तू लिही काय ते." मला तर रानच मोकळं मिळालं. 'इकडे पाऊस छान झाला,' असं मी लिहिलं आणि खाली आजीच्या नावानं सही ठोकली.

आठ-दहा दिवसांत आत्याचं उत्तर आलं. माझ्यासाठी वेगळी ओळ होती: 'हे पत्र तिचं नाही. आई आयुष्यात कशालाही छान म्हणालेली नाही. फार तर बरा म्हणेल.'

इतकं जिव्हारी लागलेलं परीक्षण मला पुढे कधी मिळालं नाही.

त्यानंतर मी आजीचा अभ्यासच सुरू केला. ती 'काळजी करू नकोस' म्हणत नाही, 'काळजी करू नये' म्हणते. जावयाची चौकशी शेवटी, पण न चुकता. आणि प्रत्येक पत्रात कशाचा ना कशाचा भाव. मग काय, मी भावांचा सपाटा लावला. कांदा, गूळ, रॉकेल, शेंगदाणे. एकदा एका कार्डात पाच जिनसांचे भाव आले, तेव्हा आत्यानं पुन्हा कान उपटले: 'आईनं दुकान काढलं की काय?'

बाँडचे वारस, म्हणजे फ्लेमिंगनंतर बाँड लिहिणारे लेखक, वाचताना मला हे दोन्ही कान उपटलेले आठवतात. कारण चुका याच दोन. एक, आपला 'छान' त्यात घुसडणं. दुसरी, कांद्याचे भाव जास्त होणं.

फ्लेमिंग हे जग आतून लिहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेलं. पुढे वृत्तपत्रातली नोकरी सांभाळून दर हिवाळ्यात जमेकातल्या 'गोल्डनआय' या आपल्या घरी जायचे आणि दिवसाला साधारण दोन हजार शब्द टंकून मोकळे व्हायचे. १९५३ ते १९६४ या काळातला हा सगळा संसार. एकूण चौदा पुस्तकं, बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह, त्यांतलीही दोन त्यांच्या मृत्यूनंतर आलेली. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या वाचकाला वारस शोधायची घाई कशाला होईल, मुळातलंच संपत नाही. फ्लेमिंगच्या वाचकाचं ताट मात्र लवकर रिकामं झालं.

पहिले वारस किंग्जली एमिस. माणूस मोठा साहित्यिक, पण बाँडवर मनापासून लोभ. फ्लेमिंगनी सिगारेट, मोटार, मद्य, सगळ्याचं नेमकं नाव नि छाप देऊन अशक्य गोष्टही पटवली, हे एमिसनीच उलगडून दाखवलं होतं. म्हणजे कांद्याचा भाव का सांगायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९६८ साली 'कर्नल सन' आली ती 'रॉबर्ट मार्कम' या नावानं. हे टोपणनाव पुढे येणाऱ्या लेखकांनीही वापरावं, असा मूळ बेत होता. फ्लेमिंग यांच्या पत्नीला मात्र हा उद्योग मुळीच आवडला नव्हता. घरच्या माणसाला 'छान' लगेच टोचतो.

एका मुद्रेखाली अनेकांनी लिहायचं, हे आपल्याला काही नवं नाही. सोळाव्या शतकातल्या विष्णुदासनाम्याच्या रचना 'नामा म्हणे' या मुद्रेमुळे संत नामदेवांच्या गाथेत मिसळून गेल्या आणि त्या निवडता निवडता अभ्यासकांची दमछाक झाली. फरक इतकाच, की विष्णुदासनाम्याला कुणी मानधन देऊन नेमलं नव्हतं. २००८ साली, फ्लेमिंग यांच्या जन्मशताब्दीला, सेबॅस्टियन फॉक्स यांनी 'डेव्हिल मे केअर' लिहिली तेव्हा मुखपृष्ठावर चक्क 'इयन फ्लेमिंग या नात्याने लेखन' अशा अर्थाची ओळ होती. नामा म्हणे! सुमारे सहा आठवड्यांत लिहिली म्हणतात. वाचताना मला तरी भाव जरा जास्त वाटले.

त्याआधी १९८१पासून जॉन गार्डनर होते. त्यांनी बाँडच्या चौदा कादंबऱ्या लिहिल्या, वर दोन चित्रपटांवरून. म्हणजे मूळ मालकापेक्षा भाडेकरू जास्त राहिला. त्यांनी बाँडला साब मोटार दिली, कमी टारच्या सिगारेटी दिल्या. साब गाडी उत्तम असेल हो, पण बेंटलेवाल्या माणसाला साब म्हणजे 'पाऊस छान झाला'. शिवाय वयाची पंचाईत. फ्लेमिंगच्या हिशेबानं चाललं तर बाँड तेव्हा साठीच्या घरात आलेला, आणि तरी पळतोय. जेफ्री डीव्हर यांनी २०११मध्ये ही गाठ सरळ कापली. त्यांचा बाँड अफगाणिस्तानात लढून आलेला आजचा तरुण. पुस्तक वेगवान आहे. पण त्यांनी पत्र लिहायला घेऊन सही वेगळ्याच आजीची केली, असं मला वाटत राहिलं.

हॉरोविट्झ मागे गेले. १९५७ साल, फ्लेमिंगची 'गोल्डफिंगर' संपून जेमतेम दोन आठवडे झालेत. पुढे २०१८मध्ये त्यांनी पहिल्या कादंबरीच्याही आधीची गोष्ट लिहिली आणि २०२२मध्ये शेवटच्या कादंबरीनंतरची. घरातल्या माणसानं दोन्ही टोकांना खोल्या काढाव्यात आणि मधल्या वास्तूला हात लावू नये, तसं. शेरलॉक होम्सचीही गादी त्यांनी सांभाळली आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या चपला घालून न कुरकुरता चालायची सवय आहे. तरी १९५७चा बाँड जसाच्या तसा आणला तर बायकांबद्दलची त्याची मतं आज घशाखाली उतरणार नाहीत. हॉरोविट्झनी त्याला एक समलिंगी मित्र दिला, जो त्याच्या जुनाटपणावर बोट ठेवतो. बाँड तसाच राहतो, फक्त त्याला सुनावणारं कुणीतरी शेजारी असतं. मला ही युक्ती आवडली. आपला 'छान' लिहायचाच असेल तर तो आजीच्या तोंडी न घालता शेजारणीच्या तोंडी घालावा.

वाचक काही कमी नसतात. १९५६ साली जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रतज्ज्ञ वाचकानं खुद्द फ्लेमिंगनाच पत्र लिहिलं, की तुमच्या नायकाचं बेरेटा पिस्तूल बायकी आहे. फ्लेमिंगनी ऐकलं, वॉल्थर दिलं, आणि कादंबरीतल्या शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याला बूथरॉइडचंच नाव देऊन टाकलं. म्हणजे मालकाच्या हयातीतही पत्र सगळं त्याचं नव्हतंच.

आता तर किल्ल्या आणखी वाटल्या गेल्यात. किम शेरवूड बाँडला बेपत्ता करून इतर एजंटांच्या गोष्टी सांगतात. वसीम खान, ज्यांनी मुंबईत दहा वर्षं काढली आणि छोट्या हत्तीला घेऊन फिरणारा मुंबईचा इन्स्पेक्टर रंगवला, त्यांनी बाँडला यंत्रं-हत्यारं पुरवणाऱ्या क्यूला नायक केलंय. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे फ्लेमिंगच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०२५ उजाडताच भारतात मोकळी झाली. ब्रिटनला २०३४ संपेपर्यंत थांबायचंय. ट्रेडमार्कचं लचांड वेगळं, पण उद्या कुणी मराठीत बाँड लिहायला बसलाच तर एक सांगून ठेवतो: त्याला टपरीवर कटिंग पाजू नका. या गृहस्थाला चहा चिखलासारखा लागतो आणि साम्राज्य बुडालं तेही चहामुळे, असं त्याचं ठाम मत आहे. इंदूरहून पत्र येईल.

माझ्या सतरा खुणांचं काय झालं, ते विचारू नका. शर्यतीच्या वर्णनावर मी छातीठोक रेघा ओढल्या होत्या. पुस्तकाच्या शेवटी हॉरोविट्झनी खुलासा केलाय. फ्लेमिंगचे शब्द आहेत ते एमच्या, म्हणजे बाँडच्या साहेबाच्या, खोलीतल्या बोलण्यात. तिथे माझी एकही रेघ नव्हती.

गेल्या वर्षी आत्याच्या मुलानं एक बोचकं दिलं. तिनं सगळी कार्डं जपून ठेवली होती. अक्षर अर्थातच सगळं माझं, सहावीतलं, उजवीकडे कललेलं. मी पेन्सिल काढली. 'छान'वालं सापडलं, पाच भावांचं सापडलं. मग एक आलं: 'कांदा अडीच रुपये झाला. माणसानं खावं काय. तू येणार म्हणालीस, आली नाहीस. काळजी करू नये.'

कितीतरी वेळ ते कार्ड धरून बसलो. हे तिनं सांगितलेलं की मी लिहिलेलं, ते काही केल्या आठवेना.