पासिंग प्लेस

भारतातून पाहुणे आले की आम्हा ग्लासगोकरांचं ठरलेलं असतं, ए 82 हायवे पकडायचा, लॉख लोमंडच्या कडेकडेने वर जायचं, ग्लेनकोची दरी दाखवायची आणि रात्री परत. यावेळी काका-काकू रत्नागिरीहून आले होते, मागच्या गाडीत आमचे मित्र, त्यांची दोन पोरं आणि तीन कुटुंबांना पुरेल इतका खाऊ. काका एसटीत ड्रायव्हर होते. आंबा घाटातून कोल्हापूरला गाडी नेण्यात जन्म गेलेला, त्यामुळे डोंगर-दऱ्या बघून ते हरखून जातील अशी अपेक्षा आम्ही ठेवायलाच नको होती.

लॉख लोमंड म्हणजे ब्रिटनमधलं क्षेत्रफळाने सगळ्यात मोठं तळं, 71 चौरस किलोमीटर, असं मी मोठ्या उत्साहात सांगितलं तर काका म्हणाले "हो का" आणि लगेच नवऱ्याला, "समोरून ट्रक येतोय, कडेला दाब." लस गावाच्या पुढे, टार्बेट सोडलं की रस्ता खरंच अरुंद होतो, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला पाणी, तिथे मात्र ते सरसावून बसले. टिंड्रमला चहा-टॉयलेट झालं, मग रॅनक मूर लागलं. सगळी नुसती दलदल, डबकी आणि दगड, झाड म्हणून नाही. मित्राने सांगितलं की या मूरवरून 1894 मध्ये रेल्वे नेली तेव्हा जमीन इतकी भुसभुशीत की खाली झाडांच्या मुळ्या, फांद्या, माती, राख टाकून त्यावर रूळ बसवले, म्हणजे रूळ जवळजवळ तरंगतातच. हे काकांना आवडलं. डोंगर कुणीही बघतं हो, पण रस्ता कसा केला हे त्यांना कळायला हवं.

ग्लेनकोला थ्री सिस्टर्स नावाच्या तीन डोंगरांसमोरच्या पार्किंगमध्ये ही गर्दी, किल्ट घातलेला एकजण बॅगपाइप वाजवत होता, ढग असे खाली आलेले की तीनपैकी दीडच बहीण दिसत होती. तिथेच गाडीची डिकी उघडून धपाटे, लसणाची चटणी, दहीभात. खाता खाता मुलांना 1692 ची गोष्ट सांगितली. इथल्या मॅकडोनाल्ड कुळाच्या म्होरक्याला राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला काही दिवस उशीर झाला, तेवढ्यावरून त्यांच्यावर सैन्य पाठवलं. सैनिक आधी पाहुणे म्हणून त्यांच्याच घरात उतरले, बारा-तेरा दिवस जेवले-खाल्ले आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे यजमानांवरच उठले. अडतीसेक माणसं मारली, शिवाय जी बर्फात पळाली त्यातली कितीतरी थंडीने गेली. काकूंचा हात डब्यातच थांबला. "त्यांच्याच हातचं जेवून?" एवढंच म्हणाल्या. मग गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने, "राजाचं सोडा, पण जेवणाऱ्याला तरी काही वाटायला नको?"

परतीच्या वाटेवर मूरच्या अलीकडे ग्लेन एटिव्हचा फाटा आहे, तिथे वळलो आणि काकांचा दिवस इथून पुढे सुरू झाला. बुआकल एटिव्ह मोअर नावाचा 1021 मीटरचा डोंगर शेजारी उभा होता, पिरॅमिडसारखा, सगळे मोबाईल काढून खिडकीला चिकटले. काका रस्ता बघत होते. हा सिंगल ट्रॅक, एकच गाडी जाईल एवढा, आणि थोड्या थोड्या अंतरावर रुंद केलेली जागा, वर पाटी, पासिंग प्लेस. समोरून कुणी आलं की ज्याला जवळ पडेल त्याने थांबायचं. जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं म्हणजे समोरचा वळसा घालून जातो. तिथे पार्क करायचं नाही, मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथेच पुढे सोडायचं. आणि चढणाऱ्याला आधी वाट. "हे आपल्याकडेही आहे," काका म्हणाले, "पाळतो कोण ते सोड."

वाट दिली की समोरचा हात वर करतो, स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली तरी चालतात. दोन गाड्या गेल्यावर काकांनी मागच्या सीटवरून हात करायला सुरुवात केली. ड्रायव्हिंग नवरा करतोय, पोच काका देतायत! मेंढ्या तेवढ्या कुणाला वाट देत नव्हत्या, त्यांनाही एकदा हात झाला.

वीसेक किलोमीटरवर रस्ता पाण्याशी संपतो. लॉख एटिव्ह हे तळं नव्हे, समुद्राचाच आत शिरलेला फाटा, काकूंनी काठावरचं शेवाळ बघून लगेच ओळखलं, "ही तर खाडी." वारा होता तोवर मस्त वाटलं. मग तो पडला आणि मिज आले, म्हणजे चिलटांचे ढगच्या ढग, चावायला डासांच्या वरताण, सगळे ओरडत गाड्यांकडे पळालो.

येताना एका वळणावर आमच्यासमोर भलीमोठी कॅम्परव्हॅन. आमच्या मागे मित्र, त्यांच्या मागे अजून दोघे, म्हणजे रिव्हर्स तिनेच घ्यायला हवं होतं, पण व्हॅनवाल्या आजोबांना बहुतेक तिचं मागचं टोक कुठे संपतं तेच माहीत नसावं. थोडं मागे, परत पुढे, एक चाक चिखलात. मी म्हणतेय काका बसा, बाहेर मिज आहेत, तर हे गेलेसुद्धा. व्हॅनच्या मागे उभे राहून बाजूच्या पत्र्यावर थाप मारली आणि खणखणीत आवाजात, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... डावीकडे घ्या थोडी... बाऽऽस!" आजोबांनी एका दमात व्हॅन जागेवर लावली. नवऱ्याने गाडी शेजारून काढली, आजोबांनी काच खाली करून काकांचा हात हातात घेऊन हलवला, आणि तेवढ्यात उघड्या काचेतून जेवढे मिज आत शिरायचे तेवढे शिरले, तिकडे त्यांच्या बायकोने जे काही सुनावलं त्यालाही भाषेची गरज नव्हती.