ॲव्हरेज किती देते?

हा प्रश्न मला आजवर इतक्या टपऱ्यांवर विचारलाय की आता मी चहा सांगतानाच उत्तर तयार ठेवते. क्रम ठरलेला असतो. आधी सायकलकडे बघणार, मग माझ्याकडे, मग परत सायकलकडे. गियरची आहे का. केवढ्याला पडली. एकट्याच निघालात? आणि मग एकदम गंभीर चेहरा करून, ॲव्हरेज किती देते ताई? मी सांगते, प्लेटभर पोह्यांत पंधरा किलोमीटर, वर शेव असेल तर अठरा. मग सगळे हसतात आणि चहाचे पैसे बऱ्याचदा कुणीतरी आधीच दिलेले असतात.

तर मी गोष्टी सांगते. म्हणजे तेवढंच करते. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, आता शाळाशाळांत जाऊन गोष्टी सांगते आणि जाते सायकलवर, कारण ड्रायव्हिंगची मला भीती वाटते आणि एसटीतून पक्षी दिसत नाहीत. महिन्यातले आठ-दहा दिवस पुण्यातल्या शाळा, तिथले पैसे मिळतात, म्हणजे मिळायला हवेत, एका शाळेचा चेक आठ महिने "तयार आहे मॅडम, फक्त सही राहिलीये" याच अवस्थेत होता. उरलेले दिवस सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, बारामती, भिगवण या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा. तिथे मानधन म्हणजे शाल आणि नारळ. शालीचं ठीक आहे, एप्रिलात ती कॅरियरवर घडी करून ठेवता येते, पण एका दिवसात तीन शाळा झाल्या की तीन नारळ होतात आणि तीन नारळ घेऊन सायकल चालवून बघा एकदा. पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरला अडकवलेल्या पिशवीत, ते असे एकमेकांवर आपटतात की मागून कुणी येतंय असं वाटत राहतं. मी ते रस्त्यातल्या देवळात ठेवून देते. जेजुरीच्या खंडोबाला माझ्याकडून जितके नारळ मिळालेत तितके कुणा नवसवाल्यानंही दिले नसतील.

दिवे घाट चढताना मी कुणाशी बोलत नाही. फोनही नाही, मनातल्या मनात गोष्टीची तालीमही नाही. वर पोचल्यावर मात्र पुढचा सगळा प्रदेश मोकळा होतो, माळरान, ज्वारी, मधूनच बाभळी, आणि तिथून माझा खरा दिवस सुरू होतो कारण विजेच्या तारा सुरू होतात. तारेवर कोतवाल, शेपटीचे दोन फाटे लोंबकळत. वेडे राघू, चारपाच एका रांगेत, एकजण मधेच हवेत झेपावणार, माशी धरणार, परत त्याच जागी येऊन तिला तारेवर आपटणार. थंडीत नीलपंख. हा तारेवर बसलेला असताना अगदी मळकट दिसतो, कुणी ढुंकून बघणार नाही, आणि उडाला की पंखांत असा निळा उघडतो की माणूस रस्ता विसरतो. मी विसरले होते. नीलपंख उडाला आणि मी सायकलसकट कालव्याच्या चारीत. पाणी गुडघाभर, बायनॉक्युलर गळ्यात म्हणून वाचला, गोष्टींची वही गेली. काढायला आलेल्या दादांनी पहिलं विचारलं लागलं का, आणि दुसरं, काय बघत होता? मी म्हटलं नीलपंख. ते म्हणाले, हां, तास. आणि शिवारात तो रोज कुठल्या पोलवर बसतो तेही दाखवलं. मी बारा वर्षं पक्षी बघतेय, ते जन्मापासून बघतायत, फक्त ते त्याला पक्षीनिरीक्षण म्हणत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. गोष्टी आणि पक्षी हे दोन नाद एकत्र केले की गोष्टींचं नुकसान होतं. खरंच होतं. सुगरणीचीच गोष्ट घ्या. कष्टाळू सुगरण घरटं विणते, आळशी माकड पावसात भिजतं, ती त्याला शहाणपण शिकवते, ते चिडून घरटं मोडतं. पण पक्षी बघायला लागल्यावर कळतं की विणतो तो नर. बिचारा अर्धं घर लटकवून पंख फडफडवत बसतो, मादी येते, आत डोकं घालून बघते, पटलं तर पुढचं काम, नाही पटलं तर ती निघून जाते आणि हा दुसरं घरटं विणायला घेतो. हे मी एका शाळेत पालक मेळाव्याला सांगितलं तर मागे बसलेल्या बायका डोक्यावरचा पदर तोंडात धरून हसायला लागल्या, आणि एकजण म्हणाली, आमच्यात उलटं, आम्हाला घर न दावताच आणलं. गोष्ट तिथेच संपली, माकडापर्यंत पोचलीच नाही.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती चिऊ-काऊची. तुम्हाला येते, मला येते, सगळ्यांना येते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. नऊ वर्षांत मी ती किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशेब नाही, बालवाडीत हुकमी चालते, कारण मधल्या "थांब, माझ्या बाळाला..." वर पोरं स्वतःहून ओरडायला लागतात.

गेल्या जानेवारीत बारामतीच्या पुढे एका ऊसतोड टोळीच्या तळावर गेले होते. तिथल्या एका गुरुजींनी फोन केला होता, म्हणाले संध्याकाळी या, दिवसा कुणी नसतं. ज्यांनी हे तळ बघितले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, बहुतेक माणसं बीड, अहिल्यानगरकडची, दिवाळीच्या पुढेमागे येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत जातात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मजुरी एकत्रच धरतात. राहायला कोपी, म्हणजे बांबू वाकवून वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत जाताना वाकावं लागतं. पहाटे तीन-चारला माणसं फडात जातात. पोरं तळावर, आणि मोठ्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड.

चुलीसमोर तीसेक पोरं बसली. मी सुरू केलं, एक होता काऊ, एक होती चिऊ, काऊचं घर होतं...

"शेणाचं नसतंय," एक पोरगी म्हणाली. दहा-अकराची असेल. कडेवर भाऊ, त्याच्या हातात उसाचं कांडं.

"मग कशाचं असतं?"

"तारंचं. त्या लिंबावर हाय की. दावते चला."

आणि सगळा वर्ग उठला. गोष्ट सांगणाऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण म्हणजे पहिल्याच वाक्याला वर्ग उठणं, पण करणार काय, मीही गेले. लिंबावर खरंच घरटं होतं, आदल्या उन्हाळ्याचं, रिकामं. बायनॉक्युलर लावला तर काटक्यांच्या मधे बांधणीच्या तारा, एक जाड वाकवलेली, एक गंजलेली, आणि एक निळ्या प्लास्टिकची, बहुतेक ताडपत्रीच्या दोरीची. बायनॉक्युलर तीस हातांतून फिरला. कावळा तार चोचीनं कशी वाकवतो यावर तिथे जोरदार वाद झाला. अंधार पडेपर्यंत आम्ही खालीच.

परत येऊन बसलो. ठरलं, काऊचं घर तारेचं. पुढे पाऊस आला. आता तारेचं घर वाहून कसं जाणार? तर वाऱ्यानं फांदीच मोडली, हे एका मुलानं सुचवलं, मंजूर झालं. काऊ भिजत चिऊच्या दारात. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.

इथे पोरं ओरडतात. ही ओरडली नाहीत.

त्याच पोरीनं विचारलं, "भाईर पाऊस हाय ना?"

हो म्हटलं.

"मग आधी दार उघडावं. तीट मागनं लावता येती."

मला एकदम काही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, मला वाटलं ही पोरगी गोष्टीत उगाच लॉजिक काढतेय, जसं शहरातली पोरं काढतात. नंतर चहा घेताना गुरुजींनी सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी अवकाळी झाला तेव्हा निम्म्या कोप्या भिजल्या, रात्री सगळे पोरंबाळं घेऊन जवळच्या एका गोदामाच्या शटरपाशी उभे होते, आणि किल्ली सापडायला सकाळ झाली.

मी नऊ वर्षं त्या "थांब" वर हशा घेत होते.

तर त्या रात्री गोष्ट अशी संपली, आणि संपवली त्यांनीच. चिऊनं दार उघडलं. काऊ आत आला, पंख झटकले, चिऊ म्हणाली अरे भिंतीवर उडतंय पाणी. मग तिनं बाळ काऊच्या मांडीवर दिलं, तू धर याला, लई वळवळतंय, आणि मग तीट लावली. कडेवरच्या भावाला तिथेच चुलीची काजळी बोटावर घेऊन खरी तीट लावण्यात आली. तो रडला.

आता मी सगळीकडे अशीच सांगते. पुण्यात एका आईनं नंतर बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम, ओरिजिनल गोष्ट बदलू नका हो, मुलं कन्फ्यूज होतात. असो.

भिगवणचं लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल, कारण उजनीच्या पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला आता इतक्या गाड्या येतात की त्यावर लिहिणारेही भरपूर झालेत. मला तिथे आवडतात ते वारकरी. म्हणजे पक्षी. काळा अंगरखा, कपाळावर पांढरा गंध, आणि शेकडोंनी मिळून पाण्यावरनं निघालेले. तुकोबांची पालखी जवळच बारामती-इंदापूरवरून जाते, त्यामुळे हे नाव कुणी ठेवलं असेल ते सांगायला लागत नाही. तिथे मी एका आजींकडे उतरते, नावाड्याच्या घरी. मागच्या वेळी पहाटे पाच वाजता सायकलचा दिवा लावून अंगणात शिरले तर आजी चुलीपाशीच होत्या, म्हणाल्या, "पिंगळ्यावानी आलीस की गं, भल्या पहाटं कंदील घिऊन."

त्यांना पिंगळा म्हणजे माणूस म्हणायचा होता. उजाडायच्या आत दारोदार फिरणारा, हातात कुडमुडं, म्हणजे छोटं डमरूसारखं वाद्य, पिंगळा पक्ष्याची भाषा कळते म्हणणारा आणि त्यावरून घराचं भविष्य सांगणारा. त्यांच्या लहानपणी यायचा, हल्ली नाही. पक्षी मात्र अजून आहे. त्यांच्याच वडाच्या ढोलीत जोडी आहे, छोटी गोल घुबडं, आपण बघितलं की मान खालीवर करून ती आपल्याला बघतात. मी आजींना विचारलं, तो खरं सांगायचा का? आजी म्हणाल्या, "गोड सांगायचा. सुपातलं पीठ घिऊन जायचा." माझ्या व्हिजिटिंग कार्डावर हेच छापून घ्यावं असा विचार आहे.

आणि हे शेवटचं, मग झोपते, उद्या निघायचंय. या एप्रिलमधलं. एप्रिल म्हणजे सकाळची शाळा, साडेसातला पोचायचं, सुप्याच्या अलीकडे माळावर मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा, आरपार. सायकल उलटी करून ट्यूब काढली, घासली, सोल्यूशन लावलं आणि ते सुकायची वाट बघत उभी राहिले तर टिटवीनं डोक्यावर धिंगाणा घातला. एवढी ओरडते म्हणजे अंडी जवळच असणार. मी पाय न हलवता नुसते डोळे फिरवले आणि तीन-चार मिनिटांनी दिसली, चाकापासून सातआठ हातांवर, मुरमाच्या उंचवट्यावर चार अंडी. खड्यांसारखीच, मातकट, काळे डाग, टोकं आत केलेली. काटा घुसला नसता तर दिसलीच नसती.

तेवढ्यात मेंढरं आली. शेदीडशे तरी, सरळ त्याच रेषेत. टिटवी खाली उतरली, पंख पसरून मेंढरांच्या तोंडासमोर उभी राहिली, एवढासा जीव, आणि मागनं येणाऱ्या धनगर आजोबांनी तोंडानं एक आवाज काढला तर अख्खा कळप तिथे दुभंगून दोन्हीकडनं निघून गेला. माझ्यापाशी थांबून अंड्यांकडे बघून म्हणाले, "उंचावर घातल्यात. औंदा पाऊस हाय."

मी अर्थातच विचारलं, "आजोबा, दरवर्षी खरं ठरतं का?"

"तिनं तिचं सांगितलं," ते म्हणाले. "पुढं पाऊस जाणं." आणि गेले.

शाळेत पोचायला सव्वाआठ झाले. उशीर का झाला विचारल्यावर मी काटा, टिटवी, मेंढरं सगळं सांगितलं, रंगवून सांगितलं, आणि मग कळलं की चूक झाली, कारण पहिला प्रश्न आला, "बाई, कुठं हायत अंडी?" शाळा सुटली की ही चाळीस पोरं तिकडेच जाणार. मग मी खोटं बोलले. अगदी उलटी दिशा सांगितली, कालव्याच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याच्या डाव्या हाताला.

शेवटच्या रांगेतला एकजण बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"तिकडं निस्ता ऊस हाय बाई," तो म्हणाला. "टिटवी उसात अंडी घालत नसती."